स्पोर्ट्स कारचे इंजिन घरी बदलताना

इंजिन झिजणे ही एका दिवसात घडणारी घटना नसते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरून मिनिटाला हजारो वेळा खालीवर सरकतात, पिस्टनच्या या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा क्रँकशाफ्ट बेअरिंगांमधील तेलाच्या पातळ थरावर फिरत राहतो, आणि हा थर जिथे क्षणभर तुटतो तिथे धातूवर धातू घासून दोन भागांमधील फट कणाकणाने वाढत जाते. या फटी ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की इंजिन तेल जाळू लागते, तेलाचा दाब उतरतो आणि गाडी चढावर दम टाकते. रोजच्या वापरातील गाडी या टप्प्यावर बहुधा विकली जाते. पण स्पोर्ट्स कारचे मोल तिच्या बांधणीत, हलकेपणात आणि रस्ता धरण्याच्या गुणात असते, व हे गुण इंजिनाबरोबर झिजत नाहीत. म्हणूनच अमेरिका, ब्रिटन आणि जपान या देशांत अशा गाडीचे थकलेले इंजिन उतरवून दुसरे चढवण्याचे काम अनेक मालक घरच्या गॅरेजात स्वतः करतात. हे काम ताकदीपेक्षा निदान, मोजमाप आणि क्रम यांवर उभे असते, आणि त्यासाठी लागणारा निवांत वेळ व्यावसायिक गॅरेजपेक्षा घरी काम करणाऱ्याला अधिक सहज देता येतो.

गाडी आणि तिची रचना

या कामाचे स्वरूप समजून घेण्यासाठी माझदा एमएक्स-५ या गाडीच्या पहिल्या पिढीसारखे दुसरे सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकी मोटार-पत्रकार बॉब हॉल यांनी १९७९ साली माझदाचे केनिची यामामोटो यांच्यापुढे हलक्या, उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीची कल्पना मांडली, पुढे तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ती विकसित झाली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मियाटा आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालले, आणि सर्व पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी २०१६ मध्ये तयार झाली.

सुरुवातीच्या गाड्यांत १,५९७ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडर व सोळा व्हॉल्व्हचे इंजिन होते, ज्याची अमेरिकी आवृत्तीतील ताकद ११६ अश्वशक्ती होती. त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर सामावणारा मूळ साचा, बिडाचा असून वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. पुढील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन सहसा आडवे आणि दाटीवाटीने बसवलेले असते. येथे मात्र ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, गिअरबॉक्स त्याच्या मागे असतो आणि तेथून फिरणारा शाफ्ट मागील डिफरन्शियलपर्यंत जातो. त्यामुळे इंजिनाच्या दोन्ही अंगांना हात घालण्याइतकी जागा राहते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट हे या गाडीचे वैशिष्ट्य आहे. इंजिन उतरवताना हीच चौकट सर्वांत जास्त विचार करायला लावते.

आधी निदान, मग पाना

इंजिन खरोखर संपले आहे की नाही, हा पहिला प्रश्न आहे आणि घाईत त्याचेच उत्तर चुकते. एमएक्स-५च्या पहिल्या इंजिनात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप राखणारे टॅपिट आहेत. तेल जुने झाले किंवा थंड इंजिन सुरू केले की ते टकटक आवाज करतात, पण हा आवाज वरून, हेडमधून येतो आणि तेल बदलल्यावर बहुधा कमी होतो. बेअरिंग झिजल्याचा आवाज याउलट खालून, जड आणि खोल येतो व गाडीवर भार पडताच वाढतो. धुराचेही तसेच आहे. सकाळी सुरू करताना निघून विरणारा निळसर धूर व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवतो, तर ॲक्सिलरेटर दाबताच सतत येणारा धूर रिंगांची झीज सुचवतो.

ऐकीव अंदाजापेक्षा मोजमाप अधिक विश्वसनीय असते. स्पार्क प्लग काढून तेथे दाबमापक बसवायचा आणि स्टार्टरने इंजिन फिरवायचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबू शकतो हे कळते. या इंजिनासाठी चौरस इंचाला १९२ पौंड हा प्रमाण दाब आहे, सुमारे १३५ पौंड ही खालची मर्यादा आहे आणि दोन सिलिंडरांतील फरक २८ पौंडांहून अधिक नसावा. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजते, म्हणून दाब वाढला तर दोष रिंगांत आणि न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये असण्याची शक्यता अधिक. त्यापुढची कसोटी म्हणजे पिस्टन सर्वांत वर आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडणे आणि ती कुठून निसटते हे ऐकणे. सायलेन्सरमधून सुसकारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट, असा त्याचा अर्थ लावतात.

या इंजिनाच्या निदानात आणखी एक फसवी जागा आहे. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आणि बारीक होते. त्यावर टायमिंग बेल्टचे दातेचक्र एका लहानशा धातूच्या चावीने अडकवलेले असते आणि मधला एकच बोल्ट ते सारे दाबून धरतो. टायमिंग बेल्ट बदलताना हा बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर दातेचक्र अगदी किंचित हलू लागते, चावीची खाच रुंदावते आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे सरकते. गाडीची ताकद गेलेली असते, पण रिंगा आणि बेअरिंगे धडधाकट असतात. बाहेरील पुलीवर चार खाचा असतील तर टोक जुन्या धाटणीचे आणि आठ असतील तर सुधारलेले, ही ओळखण्याची सोपी खूण आहे. पुली डोलते आहे का, हे चालू इंजिनाकडे वाकून पाहिल्यास दिसते. अशा इंजिनाचे खाचेचे काम जागेवरच करून भागते की क्रँकशाफ्ट बदलावा लागतो, हे झीज पाहूनच ठरवावे लागते.

दुसरे इंजिन निवडणे

निदान पक्के झाल्यावर तीन वाटा उरतात. पहिली वाट म्हणजे अपघातात निकामी झालेल्या गाडीचे वापरलेले इंजिन घेणे. जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी आणि त्यानंतरची दर दोन वर्षांनी होते. या तपासण्यांच्या खर्चामुळे तेथील अनेक गाड्या लवकर मोडीत निघतात आणि त्यांची इंजिने परदेशी जातात. असे इंजिन स्वस्त पडते, पण त्याची दाबचाचणी आणि चेंबर म्हणजे खालची तेलाची परात काढून केलेली बेअरिंगांची पाहणी चढवण्यापूर्वीच व्हायला हवी.

दुसरी वाट स्वतःचेच इंजिन नवे करण्याची आहे. त्यात सिलिंडर मशीनवर घासून मोठे करतात, महाराष्ट्रातील गॅरेजांत ज्याला रिबोअरिंग म्हणतात ते हेच, आणि त्या मापाचे पिस्टन, रिंगा व नवी बेअरिंगे घालतात. हे महाग आणि वेळखाऊ असले तरी गाडीचे मूळ इंजिन कायम राहते. तिसरी वाट १,८३९ घनसेंटिमीटरच्या नंतरच्या इंजिनाची आहे. अमेरिकेत १९९४ च्या गाड्यांपासून आलेले हे इंजिन त्याच घराण्यातील असल्यामुळे फारशा तोडफोडीशिवाय जुन्या गाडीत बसते. मात्र त्याबरोबर त्याचा क्लच आणि फ्लायव्हील, तसेच इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या यंत्रणेची जुळवणी यांचाही विचार करावा लागतो.

उतरवण्याचा क्रम

इंजिन उतरवण्यापूर्वीची तयारी ही निम्म्याहून अधिक मेहनत असते. जमीन सपाट आणि काँक्रीटची हवी, गाडी भक्कम स्टँडवर चढवलेली हवी, आणि ती इतक्या उंचीवर हवी की इंजिन क्रेनचे पाय पुढील भागाखाली सहज सरकावेत. या गाडीची बॅटरी डिकीत असते. इंधनाच्या नळ्यांतील दाब उतरवून झाला की ती सोडवतात. दाब उतरवण्याची रीत अशी, की इंधन पंपाचा विद्युतप्रवाह तोडून इंजिन चालू ठेवायचे आणि नळ्यांतील उरलेले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्यायचे. बॉनेट दोघांनी मिळून, बिजागऱ्यांभोवती खुणा करून काढावे, म्हणजे पुन्हा बसवताना ते नेमक्या जागी येते.

कूलंट आणि तेल काढल्यावर रेडिएटर, हवेची नळी, ॲक्सिलरेटरची केबल, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि वायरिंगचे जोड सुटे करायचे असतात. येथे प्रत्येक जोडाच्या दोन्ही टोकांना सारख्याच क्रमांकाची पट्टी लावण्याची आणि काढण्यापूर्वी छायाचित्र घेण्याची सवय पुढचे कित्येक तास वाचवते. काढलेले बोल्ट एका डब्यात ओतण्याऐवजी ज्या भागाचे ते आहेत त्याच्या नावाने वेगळे ठेवणे आवश्यक असते, कारण दोन बोल्ट सारखे दिसले तरी लांबीत फरक असू शकतो आणि लांब बोल्ट आखूड भोकात पिळला तर ॲल्युमिनियम तडकते. वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर नळ्या न सोडता नुसता बाजूला बांधून ठेवावा. १९९३ पर्यंतच्या गाड्यांत ओझोनच्या थराला घातक असलेला आर-१२ हा वायू भरलेला असे आणि तो हवेत सोडणे अमेरिकेत कायद्याने निषिद्ध आहे.

गाडीखाली शाफ्ट, सायलेन्सरचा पुढचा भाग, क्लचचा सिलिंडर आणि शेवटी ती लांब चौकट सोडवली जाते. ही चौकट निघताच गिअरबॉक्सचे शेपूट आणि डिफरन्शियलचे नाक या दोहोंचा आधार जातो, म्हणून दोन्हींखाली आधीच जॅक लावलेला असावा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढले तर दोन्ही पुन्हा जोडताना अंधाऱ्या बोगद्यात हात घालावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे. साखळीला तोल बदलता येण्याजोगी पट्टी लावून पुढचा भाग वर आणि मागचा खाली असा तिरका कल दिला, फाउंडेशनचे म्हणजे इंजिनाच्या रबरी बैठकीचे नट काढले, की ते शंभर किलोहून बराच जड असलेले ओझे हळूहळू वर येते. या वेळी त्याखाली कोणीही असू नये आणि अडखळले तर जोर लावण्याऐवजी राहिलेली वायर शोधावी. बहुतेक वेळा अडथळा एका विसरलेल्या जोडाचाच असतो.

बाहेर असतानाच करायची कामे

इंजिन स्टँडवर असताना जे दहा मिनिटांत होते, तेच गाडीत बसल्यावर दिवसाचे काम होऊन बसते. म्हणून दुसरे इंजिन उत्तम असले तरी क्रँकशाफ्टचे पुढचे-मागचे ऑइल सील, पाण्याचा पंप, टायमिंग बेल्ट आणि त्याचे रोलर, हीटरच्या नळ्या, क्लच प्लेट व रिलीझ बेअरिंग हे सारे याच वेळी नवे घालणे शहाणपणाचे ठरते. हेडच्या मागील टोकाला असलेल्या सेन्सरची रबरी कडी जुनी झाली की तेल गळते आणि थेट हीटरच्या नळ्यांवर पडून त्या मऊ करते. ही अगदी स्वस्त कडी बदलायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

टायमिंग बेल्ट बसवणे हा या टप्प्यातील सर्वांत नाजूक भाग आहे. दोन्ही कॅमशाफ्टच्या दातेचक्रांवर, इनटेकसाठी एक आणि एक्झॉस्टसाठी एक, अशा खुणा असतात. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर असताना या दोन खुणांच्या दरम्यान पट्ट्याचे नेमके १९ दात यावे लागतात. पट्टा ताणल्यावर क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन वेळा फिरवून दात पुन्हा मोजतात, कारण ताण बसताना एखादा दात सरकण्याचा संभव असतो. १.६ लिटरच्या या इंजिनात पट्टा तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाहीत, पण एका दाताची चूकही इंजिन खडबडत चालण्यास पुरेशी असते.

बोल्ट आवळताना टॉर्क पाना, म्हणजे पिळण्याचा जोर मोजून दाखवणारा पाना, वापरण्याला पर्याय नाही. बोल्ट आवळताना किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. ताण कमी पडला तर ते सुटतात आणि जास्त झाला तर बोल्ट तुटतो. फ्लायव्हीलच्या बोल्टांसाठी ९६ ते १०३ न्यूटन-मीटर हे माप आहे आणि ते समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने गाठायचे असते. क्लच प्लेट प्लॅस्टिकच्या डमी शाफ्टने मध्यावर आणून मगच प्रेशर प्लेट आवळतात. गिअरबॉक्स जोडताना दोन्हींमधील फट हाताने मिटली पाहिजे. बोल्ट पिळून ती ओढत मिटवली तर बेल हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणाचा, कान मोडण्याची भीती असते.

पहिली सुरुवात

इंजिन चढवल्यावर ते लगेच सुरू करण्याचा मोह आवरावा लागतो. नव्याने जोडलेल्या इंजिनाच्या वाहिन्या कोरड्या असतात, म्हणून इंधन आणि ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने थोडा थोडा वेळ ते फिरवतात, तोवर तेलाच्या दाबाचा काटा वर येतो. १९९४ पर्यंतच्या गाड्यांतील काटा खरा दाब दाखवतो; नंतरच्या गाड्यांत तो केवळ दाब आहे की नाही एवढेच सांगतो, त्यामुळे तेथे तात्पुरता वेगळा मापक लावणे बरे. त्यानंतर कूलंट भरून हवा काढायची, इंजिन गरम होऊ द्यायचे, आणि निदानाच्या पेटीतील दोन टोके जोडून ८५० फेऱ्यांवर इग्निशन टायमिंग दहा अंशांवर आणायचे. पुन्हा बांधलेले इंजिन असेल तर सुरुवातीच्या काही शे किलोमीटरांत वेग सतत बदलता ठेवून, पण अतिजोर न लावता चालवतात, म्हणजे नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी बसतात, आणि पहिले तेल लवकर बदलतात.

कागदावरील इंजिन

कायद्याची बाजूही कामाचाच भाग आहे. कॅलिफोर्नियात चढवलेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे आणि त्याची प्रदूषण-नियंत्रण साधने पूर्ण असावीत, असा दंडक आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीपत्रावरील इंजिन क्रमांक बदलून घ्यावा लागतो. ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण नियमाचे तत्त्व येथेही तेच आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांक छापलेला असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांविषयी आहे, त्यामुळे कोणत्याही गाडीचे इंजिन बदलणाऱ्याने आरटीओकडील नोंद हा शेवटचा बोल्ट समजून पूर्ण करावी.

माझदाने २०१७ साली जपानमध्ये पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी पुनर्बांधणीची सेवा जाहीर केली आणि काही जुने सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले, ही उत्साहवर्धक घटना आहे; पण जगभर विखुरलेल्या लाखो गाड्यांना ती एकटी पुरणार नाही. तीन दशकांपूर्वीचे यंत्र रस्त्यावर टिकून राहायचे असेल, तर ते उघडून पाहण्याची, मोजण्याची आणि सुटे केलेले पुन्हा त्याच क्रमाने जोडण्याची विद्या मालकांच्या हातात असणे आवश्यक आहे. घरी इंजिन बदलणारा माणूस एका गाडीचे आयुष्य तर वाढवतोच, शिवाय त्याने लिहून ठेवलेली मापे आणि क्रम पुढच्या मालकाला उपयोगी पडतात. म्हणून अशा प्रत्येक कामाची वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवली गेली पाहिजे.