निकालाचा कागद नीट वाचू या

बी.एड. करत असताना मला सर्वांत कंटाळवाणा वाटायचा तो मूल्यमापनाचा तास. मानसशास्त्राच्या तासाला निदान मुलांविषयी बोलणं व्हायचं. इथे मात्र संविधान तक्ता भरत बसायचं. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य यांना किती गुण, वस्तुनिष्ठ प्रश्न किती, लघुत्तरी किती, सगळं चौकटीत बसवायचं. बेरीज २५ आली नाही की तक्ता परत. शिकवायला आलोय की कारकुनी करायला, असं आम्ही मैत्रिणी म्हणायचो. 'सप्रमाणता' आणि 'विश्वसनीयता' या दोन शब्दांच्या व्याख्या परीक्षेपुरत्या पाठ करून टाकल्या होत्या. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ मला पुढे पाचवीतल्या एका मुलीने समजावून दिला.

सराव पाठांसाठी आम्हाला मराठी माध्यमाच्या एका शाळेत पाठवलं होतं. भागाकाराचा घटक संपल्यावर मी २५ गुणांची चाचणी घेतली. १० गुणांची साधी गणितं, १५ गुणांची शाब्दिक उदाहरणं. मागच्या बाकावरच्या एका मुलीला ९ गुण पडले. मी लाल पेनाने शेरा लिहिला, 'अभ्यास कमी पडतो.' आपण आता बाई झालो, याचा थोडा रुबाबही त्यात होता.

आमच्या प्राध्यापक मॅडम तपासलेले पेपर पाहायला बसल्या. तिचा पेपर त्यांनी बाजूला काढला. "गुण पाहिलेत, चुका पाहिल्यात का?" मी पुन्हा पाहिलं. साध्या भागाकाराचे १० पैकी ९ गुण तिने मिळवले होते. शाब्दिक उदाहरणं सगळी कोरी होती.

मी तिला जवळ बोलावलं आणि उदाहरण वाचायला सांगितलं. '१४४ आंबे प्रत्येकी ६ याप्रमाणे वाटल्यास किती मुलांना मिळतील?' तिने अडखळत वाचलं आणि हळूच विचारलं, "टीचर, प्रत्येकी मतलब?" मी तिच्या घरच्या बोलीत सांगितलं, "हरेक को छे-छे आम दिये तो कित्ते बच्चों को होंगे?" तिने कागदावर भागाकार मांडला आणि म्हणाली, "चोबीस."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुमची चाचणी गणिताची होती की मराठीची?"

जे मोजायचं ठरवलं तेच चाचणी मोजते का, याला सप्रमाणता म्हणतात. लाज मला वेगळ्याच गोष्टीची वाटली. मी स्वतः सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकले. आठवीला मराठी वर्गात बसले, तेव्हा अशाच एकेका शब्दापाशी मी अडायची. निदान मला तरी हे कळायला हवं होतं.

प्रमाणित चाचणी म्हणजे सर्वांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ आणि गुण देण्याचे तेच नियम. अशा चाचण्यांची सुरुवात वाईट हेतूने झाली नव्हती. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासोबत बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुलं ओळखावीत आणि त्यांना वेगळी मदत मिळावी, हा तिचा उद्देश होता. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे म्हणणं बिने यांना मान्य नव्हतं. पुढे मात्र अशाच चाचण्या माणसांवर कायमचा शिक्का मारण्यासाठीही वापरल्या गेल्या.

आपल्या घरांत सगळ्या परीक्षा एकाच तराजूने तोलल्या जातात. खरं तर त्यांची कामं वेगवेगळी आहेत. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांसाठी देशभर 'परख' सर्वेक्षण झालं. त्यासाठी काही शाळा निवडल्या होत्या. राज्यात, जिल्ह्यात शिक्षण कसं चाललंय हे त्यातून पाहतात, एकेका मुलाला पास-नापास करत नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षा हजारोंतून मोजकी मुलं निवडते. त्या यादीत नाव नाही म्हणजे मूल कच्चं, असा अर्थ होत नाही. वर्गातली घटक चाचणी या दोन्हींपेक्षा वेगळी. उद्या काय पुन्हा शिकवायचं, हे तिने शिक्षकाला सांगायचं असतं.

ही तिसरी पद्धत आपल्याला नवी नाही. मकतबमध्ये उस्ताद रोज कालचा सबक ऐकतात. मूल जिथे अटकतं तिथे थांबवतात, पुन्हा म्हणून घेतात आणि पक्कं झाल्यावरच पुढचा सबक देतात. हिफ्ज करणाऱ्या मुलाला नव्या सबकाबरोबर मागचंही रोज ऐकवावं लागतं. या रोजच्या ऐकण्यात गुणही नसतात आणि पहिला-दुसरा नंबरही नसतो. तरी कोणतं मूल कुठे आहे, हे उस्तादांना नेमकं माहीत असतं. बी.एड.च्या भाषेत याला निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन म्हणतात.

हे सगळं कळूनही मी चुकले नाही असं नाही. एका वर्षी वरून चाचणी येणार म्हणून मी महिनाभर फक्त नमुना प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या. वर्गाचे गुण वाढले, माझं कौतुकही झालं. नंतर मुलांच्या हाती गोष्टीचं एक साधं पुस्तक दिलं, तर निम्मी मुलं दुसऱ्या पानावरच अडली. त्या महिन्यात मुलं पर्यायांना गोल करायला शिकली होती, वाचायला नाही.

म्हणून अम्मी-अब्बांना एक विनंती आहे. निकालाच्या दिवशी "किती पडले?" आणि "खालाच्या मुलाला किती?" हे दोन प्रश्न जरा बाजूला ठेवा. तपासलेला पेपर मागून घ्या आणि मुलाला शेजारी बसवा. चुकलेला प्रश्न त्यालाच मोठ्याने वाचू द्या. मग तोच प्रश्न घरच्या बोलीत विचारा. आता उत्तर आलं, तर अडचण भाषेची आहे. रीत येते पण आकडा चुकला, तर घाई झाली. दोन्ही नसेल, तर तो भाग समजलेलाच नाही. मग शाळेत जाऊन "आमच्या मुलाकडे लक्ष द्या" एवढंच सांगू नका. "याला शाब्दिक उदाहरणातले शब्द कळत नाहीत" असं नेमकं सांगा. शिक्षकालाही त्यामुळे सोपं जातं.

त्या मुलीच्या पेपरवरचा शेरा मी खोडला. लाल शाई ती, खालची अक्षरं दिसतच होती. तिने पेपरची ती बाजू आत दुमडली आणि दप्तरात ठेवला. त्यानंतर आजवर प्रत्येक चुकीपुढे कारण लिहिल्याशिवाय मी कोणाच्याही पेपरवर शेरा लिहिलेला नाही.