Explained : ‘बीपीए-फ्री’ बाटली घेतली, पण हार्मोन्सचे काय?

बाळाच्या दुधाच्या बाटलीपासून टिफिनपर्यंत हल्ली सगळीकडे ‘बीपीए-फ्री’चे लेबल दिसते. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए. पॉलिकार्बोनेट हे कडक, पारदर्शक प्लास्टिक याच रसायनापासून बनते. ऑफिसातले २० लिटरचे पाण्याचे अनेक जार त्याचेच असतात. डबाबंद पदार्थांच्या डब्यांतील आतला थर आणि दुकानातल्या बिलाचा गुळगुळीत कागद यांतही बीपीए वापरले जाते.

शरीरात नेमके काय होते?

हार्मोन ही किल्ली, तर पेशीतील रिसेप्टर हे कुलूप. इस्ट्रोजेनची किल्ली बसली की ठरावीक जनुके कामाला लागतात. बीपीएच्या रेणूची ठेवण इस्ट्रोजेनशी थोडी जुळते, त्यामुळे तो याच कुलपात शिरतो. बनावट किल्लीच म्हणा ना! तिची पकड मात्र खऱ्या किल्लीपेक्षा खूपच कमकुवत असते. मग चिंता कशाची? हार्मोन्स मुळातच अत्यल्प प्रमाणात काम करतात. गर्भात अवयव घडत असताना चुकीच्या वेळी मिळालेला छोटा संकेतही महागात पडू शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात. माणसात किती परिणाम होतो, यावर वाद आहे.

हे कधीपासून माहीत आहे?

प्लास्टिकच्याही आधीपासून! कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात असलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांना १९३६ मध्येच बीपीएचा हा गुण आढळला होता. पॉलिकार्बोनेट आले १९५० च्या दशकात. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात यीस्टवर प्रयोग सुरू असताना इस्ट्रोजेनसारखे काहीतरी सापडले. ते यीस्टमधून येत नव्हते. उष्णतेने निर्जंतुक केलेल्या पॉलिकार्बोनेटच्या फ्लास्कमधून बीपीए पाण्यात उतरत होते! १९९३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

सुरक्षित मर्यादा किती?

इथेच खरी गोम आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २० हजार पट कमी. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेला हे पटले नाही, तिने ०.२ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय महासंघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदीचा निर्णय घेतला. भारतात बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी २०१५ च्या मानकानुसार बीपीएला मनाई आहे.

मग ‘बीपीए-फ्री’ म्हणजे सुरक्षित?

तसे गृहीत धरता येत नाही. अनेक ठिकाणी बीपीएच्या जागी त्याचेच भावंड बीपीएस आले. प्रयोगशाळेतील चाचण्यांत तेही इस्ट्रोजेनच्या कुलपात शिरताना दिसले आहे. लेबल मात्र खोटे ठरत नाही, कारण त्यात बीपीए खरोखरच नसते.

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात ७ हा आकडा असेल तर ती पॉलिकार्बोनेटची असू शकते. त्या गटात इतर प्लास्टिकही येतात. पाण्याच्या नेहमीच्या पातळ बाटलीवर १ असतो. त्या पेट प्लास्टिकमध्ये बीपीए वापरत नाहीत. उष्णतेने बीपीए जास्त झिरपते, त्यामुळे गरम चहा, वरण किंवा बाळाचे दूध यांसाठी स्टील किंवा काच बरी.