महाजालावरील संकलन : निवड, नोंद आणि उत्तरदायित्व
(जात्यावरील ओव्यांच्या संदर्भात)

१. संज्ञाविचार

वस्तुसंग्रहालयांच्या क्षेत्रातील ‘क्युरेटर’ ही संज्ञा गेल्या काही वर्षांत महाजालावरील मजकुराच्या संदर्भात सर्रास वापरली जाऊ लागली आहे. लेख, छायाचित्रे, ध्वनिफिती, कविता असे जे काही महाजालावर उपलब्ध असते, त्यातून निवड करून ते एका सूत्रात मांडणे, असा तिचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘काळजी वाहणे’ असा आहे. प्रचलित वापरात यातील निवडीचा भाग शिल्लक राहिला आणि काळजीचा भाग मागे पडला, असे दिसते. हा मागे पडलेला अर्थ वाङ्मयाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा का वाटावा, हे एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत या क्रियेसाठी एकच शब्द नाही, आणि ही उणीव मानण्याचे कारण नाही. संग्रह, संकलन, संपादन आणि जतन हे चार शब्द चार वेगळ्या कृती दाखवतात. संग्रहात जमवणे आहे; संकलनात जमवलेल्याची जुळणी आहे; संपादनात पाठाचा निर्णय आहे; जतनात काळाशी झुंज आहे. याशिवाय ‘निवडणे’ हे क्रियापद आहे. ते ग्रंथालयातून आलेले नाही, स्वयंपाकघरातून आलेले आहे. तांदूळ निवडले जातात, भाजी निवडली जाते. निवडणारीला खडा कोणता आणि दाणा कोणता हे ठाऊक असावे लागते, आणि चुकले तर जेवणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. निवडीमागे उत्तरदायित्व असते ही जाणीव या साध्या क्रियापदात आधीच सामावलेली आहे.

२. पूर्वपरंपरा

निवडीचा प्रश्न महाजालाने निर्माण केलेला नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अनेक पाठांतून एक पाठ स्वीकारण्याचे काम त्यांनी केले. परशुरामपंत गोडबोले यांच्या ‘नवनीत’ने १८५४ पासून प्राचीन कवितेतील वेचे शाळांपर्यंत नेले, जुन्या कवींपैकी कोणते कवी मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाचे व्हावेत, हे पुढे बराच काळ त्या निवडीने ठरवले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या आजच्या औद्योगिक पट्ट्याला या परंपरेचे एक जवळचे उदाहरण लाभले आहे. देहू या पट्ट्याला लागून आहे. तुकारामांचे अभंग लिहून घेणाऱ्यांत गंगाराम मवाळ यांच्याबरोबर परंपरा ज्यांचे नाव घेते ते संताजी तेली जगनाडे चाकणचे. त्यांची समाधी चाकणपासून दूर नसलेल्या सुदुंबरे येथे आहे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी निरनिराळ्या ठिकाणची हस्तलिखिते तपासून सिद्ध केलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील अभंगांची संख्या साडेचार हजारांहून अधिक आहे. वि. ल. भावे यांनी जगनाडे यांच्या वहीवरून १९१९–२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अस्सल गाथे’त सुमारे तेराशे अभंग आहेत.

दोन्ही संख्यांना त्यांचा त्यांचा आधार आहे. एक संख्या अनेक पोथ्यांच्या मेळातून आली, दुसरी एका श्रोत्याच्या लेखणीतून. ‘अस्सल’ या विशेषणाविषयी अभ्यासकांत वाद झाले; परंतु वाद होऊ शकला, कारण भावे यांनी आपला आधार सांगितला होता. जिथे आधारच सांगितलेला नसतो, तिथे वादालाही जागा राहत नाही. महाजालावर आज तुकारामांच्या नावे फिरणाऱ्या अनेक ओळींची अवस्था अशी आहे. त्या कोणत्या प्रतीतल्या, कोणत्या क्रमांकाच्या, हे त्यांच्यासोबत येत नाही. त्यामुळे त्या खऱ्या की खोट्या हे ठरवण्यापूर्वीच अभ्यासकाचे काम थांबते.

३. ओवीचे संकलन : मुखातून पुस्तकात

लिखित पोथीपेक्षाही अवघड प्रश्न मौखिक रचनेचा आहे, आणि येथे जात्यावरील ओवीचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. ओवी ही दळणाऱ्या बाईने पहाटे, हाताच्या गतीत, बहुधा दुसऱ्या बाईच्या सोबतीने गायलेली रचना आहे. सीतेचा वनवास, पंढरीची वाट, भाऊ-बहीण, लेकीचे सासर, आणि विसाव्या शतकात बाबासाहेब आंबेडकर, असे तिचे विषय आहेत. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या आणि ओवीचे निमित्तच सरले. ओवी आठवत राहिली, पण तिचे गाण्याचे ठिकाण गेले.

मराठीत ओव्यांचे संग्रह पुष्कळ झाले. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते’, डॉ. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखालील लोकसाहित्य समितीचे ग्रंथ, यांचे ऋण मान्य केल्याशिवाय या विषयावर काही लिहिता येत नाही. तरीही छापील संग्रहाच्या काही मर्यादा लक्षात घेणे क्रमप्राप्त आहे. पुस्तकाची पाने मोजकी असतात. एकाच ओवीची दहा रूपे हाती आली, तर संपादक बहुधा त्यातील एक सरस रूप घेतो किंवा दोहोंचे मिश्रण करतो. ओव्या विषयवार लावल्या जातात. त्यामुळे एका बाईच्या ओव्या अनेक प्रकरणांत विखुरतात. प्रत्येक ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने कधी सांगितली, ही नोंद सहसा नसते. सूर तर कागदावर उतरतच नाही. ‘अपौरुषेय’ हे विशेषण स्त्रीगीतांना गौरवाने लावले गेले. परंतु त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे ज्याला कर्ता नाही असे वाङ्मय, हा अशा संग्रहांच्या पद्धतीने नकळत खरा करून टाकला.

४. ओवीचे संकलन : पुस्तकातून महाजालावर

पुणे येथील हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हाती घेतलेला जात्यावरील ओव्यांचा प्रकल्प या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. त्यांच्या कामाची सुरुवात ग्रंथालयात झाली नाही. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, विशेषतः मुळशी तालुक्यात, गरीब डोंगरी संघटनेशी निगडित असलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना या ओव्यांचे मोल त्यांच्या लक्षात आले. पुढे हे काम महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांत पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. संगणक आणि संगीत या दोन्ही विषयांचे जाणकार बर्नार्ड बेल या कामात सहभागी झाले. ओव्यांचा संगणकीय साठा तयार झाला आणि १९९० च्या दशकात शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. गी पॉइटवँ २००४ मध्ये आणि हेमा राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. त्यानंतर, पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ अर्थात ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून या ओव्या क्रमाक्रमाने लोकांसमोर आणल्या. मूळ गटातील काही सहकारी या नव्या टप्प्यातही काम करत राहिले.

या प्रकल्पाची पद्धत वाङ्मयाच्या अभ्यासकाने तीन अंगांनी तपासावी.

पहिले अंग नोंदीचे. येथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि तालुका येतो. कर्तृत्व सिद्ध झाले असे यावरून म्हणता येत नाही, कारण ओवी परंपरेतून आलेली असते. परंतु ती या मुखातून आली, एवढे निश्चित होते. नाव नोंदले गेल्यामुळे एका बाईचा सगळा ओवीसाठा एकत्र पाहता येतो, आणि तिची स्वतःची निवड, म्हणजे तिने परंपरेतून काय उचलले आणि काय सोडले, अभ्यासाच्या कक्षेत येते. संकलकाच्या आधी ओवी निवडणारी ती बाई असते, हे अशा नोंदीशिवाय दिसत नाही.

दुसरे अंग पाठभेदाचे. संगणकीय साठ्याला पानांची मर्यादा नाही. एकाच ओवीची अनेक रूपे शेजारी शेजारी राहू शकतात. त्यातील एकाला शुद्ध ठरवून बाकीची टाकण्याची सक्ती नाही. विषयांचे तपशीलवार वर्गीकरण केलेले असले, तरी एकच ओवी विषयाच्या वाटेने, गावाच्या वाटेने आणि गाणारीच्या वाटेने अशी तिन्ही बाजूंनी गाठता येते.

तिसरे अंग परत जाण्याचे. ‘पारी’च्या गटाने सुमारे दोन दशकांनी काही गावांत पुन्हा जाऊन गाणाऱ्या स्त्रियांची भेट घेतली आणि त्यांचे चित्रीकरण केले. काही स्त्रिया हयात नव्हत्या. काहींच्या स्मरणात ओव्या होत्या, पण जाते अंगणाच्या कोपऱ्यात पडलेले होते. पूर्वी दिलेले वाङ्मय पुढे कुठे गेले, हे देणारीला कळावे, ही अपेक्षा संशोधनाच्या नीतीचा भाग आहे. ‘काळजी वाहणे’ हा मूळ अर्थ येथे प्रत्यक्षात येतो.

५. वगळण्याचे बदललेले रूप

या विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. मुद्रणाच्या व्यवहारात निवडणे म्हणजे मुख्यतः वगळणे होते, कारण जागा कमी होती. महाजालावर जागेची टंचाई नाही. तेथे टंचाई आहे ती वाचकाच्या अवधानाची. म्हणून तेथील निवड ही पुढे आणणे आणि मागे ठेवणे या स्वरूपाची असते. लाखभर ओव्यांतील काही शेकडा ओव्या चित्रफीत, अनुवाद आणि प्रस्तावनेसह वाचकासमोर येतात. उरलेल्या साठ्यात असतात, पण शोधणाऱ्यालाच सापडतात. हे अपरिहार्य आहे आणि त्यात दोष नाही. दोष तेव्हा निर्माण होतो, जेव्हा पुढे आणलेले तेवढेच अस्तित्वात आहे असा भास होतो. जुन्या पोथ्या बासनात बांधून ठेवल्या जात, तेव्हा निदान बासन दिसत असे. महाजालावरचे बासन दिसत नाही.

पुढे काय यावे हे पुष्कळदा माणूस ठरवत नाही, शोधयंत्र ठरवते, ही यातील आणखी एक अडचण. यंत्राच्या निवडीलाही निकष असतात. परंतु तिला प्रस्तावना नसते. संपादकाची प्रस्तावना ही केवळ औपचारिकता नव्हती. कोणत्या प्रती पाहिल्या, कोणता पाठ का घेतला, कोणाचे साहाय्य झाले, हे सांगून संपादक स्वतःला तपासणीसाठी पुढे करीत असे. महाजालावरील संकलनाने प्रस्तावना टाकली, तर ते पुन्हा केवळ संग्रहाच्या पातळीवर उतरते.

हे अटळ नाही, हे दाखवणारी उदाहरणेही आहेत. मराठी विकिस्रोतासारख्या मुक्त ग्रंथालयात छापील पानाची प्रतिमा आणि टंकलिखित मजकूर समोरासमोर ठेवण्याची सोय आहे. एकाने तपासलेले पान दुसऱ्याने पुन्हा तपासेपर्यंत प्रमाणित मानले जात नाही. पानाची अवस्था रंगाने दाखवली जाते आणि प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. पाठचिकित्सेतील जुनी शिस्तच येथे नव्या साधनात उतरली आहे. मात्र अशा ग्रंथालयात प्राधान्याने स्वामित्वहक्काची मुदत संपलेले ग्रंथच येऊ शकतात. भारतीय कायद्यानुसार ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची आहे. १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन म्हणूनच २०११ मध्ये मुक्त झाले. महाजालावर मराठी वाङ्मयाचा जो भाग सहज दिसतो, तो गुणवत्तेच्या बरोबरीने कायद्याच्या दिनदर्शिकेनेही निवडलेला असतो, याचे भान विद्यार्थ्याला देणे आवश्यक आहे.

जतनाचा प्रश्न याहून कठीण आहे. संगणकावरील मराठीच्या आरंभकाळात निरनिराळ्या फाँटमध्ये टंकलेला बराच मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज आज वाचता येत नाही. शिळेवर कोरलेले अक्षर शतकानुशतके टिकते. देहूच्या गाथामंदिराच्या भिंतींवर अभंग कोरले गेले, ते याच विश्वासाने. संगणकातील अक्षर मात्र दर काही वर्षांनी कोणीतरी नव्या साधनात उचलून ठेवले तरच टिकते. म्हणून महाजालावरील संकलन एकदा करून संपत नाही.

६. समारोप

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या विवेचनातून चार प्रश्न हाती येतात. महाजालावरून घेतलेल्या कोणत्याही मराठी पाठाला विद्यार्थ्याने ते विचारावेत : हा पाठ कोणाच्या मुखातून अथवा कोणत्या प्रतीतून आला? तो येथे कोणी आणि कोणत्या आधाराने आणला? याच्याबरोबरचे काय मागे राहिले? आणि तो टिकवण्याची जबाबदारी कोणावर आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो पाठ अवतरणासाठी वापरू नये.

हेच प्रश्न संकलन करू इच्छिणाऱ्यालाही लागू पडतात. पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांनी गेल्या सहा-सात दशकांत मावळ, मुळशी, खेड या जवळच्या तालुक्यांतून आणि मराठवाडा-विदर्भापासून माणसे ओढून आणली. त्यांच्यासोबत आलेल्या वृद्ध स्त्रियांपैकी अनेकींच्या स्मरणात ओव्या आहेत. त्यांची नातवंडे याच पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांतील एखादीने आजीची ओवी भ्रमणध्वनीवर मुद्रित केली, तर ते ध्वनिमुद्रण काही क्षणांत हजारो लोकांपर्यंत जाऊ शकते. परंतु त्यासोबत आजीचे नाव, तिचे माहेर, तिची संमती आणि मुद्रणाची तारीख गेली नाही, तर पोचते ती केवळ एक ध्वनिफीत. या चार गोष्टी नोंदवण्यास वहीचे अर्धे पान पुरते. तेवढे अर्धे पान लिहिण्याची सवय लावणे हे मराठी विभागांच्या आवाक्यातील काम आहे, आणि ओव्या आठवणाऱ्या स्त्रियांचे वय पाहता ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही.