हाडे वय सांगतात, नाव सांगत नाहीत

“डॉक्टरसाहेब, हाताचा फोटो काढा अन् वय लिहून द्या,” पेडगावच्या माझ्या दवाखान्यात एका आजोबांनी विनंती केली. श्रावणबाळ योजनेसाठी वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा हवा होता आणि हाती कागद नव्हता. “बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायचो,” एवढाच त्यांचा हिशेब.

हाडांवरून वय, लिंग, उंची ठरवणाऱ्या शास्त्राला न्यायवैद्यक मानवशास्त्र म्हणतात. वाढत्या वयात मनगट, कोपर, गुडघा येथील हाडांची टोके ठरावीक क्रमाने सांधत जातात. म्हणून अल्पवयीन कोण, हे ठरवताना न्यायालये क्ष-किरण तपासणीचा आधार घेतात. तरीही या अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नमूद केले. पंचविशीनंतर तर वाढीच्या खुणा संपतात आणि उरते ती झीज. ती कष्ट, आहार व आजार यांप्रमाणे प्रत्येकाची निराळी असते. त्यामुळे साठ आणि सत्तर यांतील भेद क्ष-किरणांना खात्रीने करता येत नाही.

मृतांच्या बाबतीतही शास्त्राची ताकद आणि मर्यादा अशीच आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुले सापडली. दातांच्या वाढीवरून त्यांच्या वयाचा अंदाज बांधता आला. प्रौढांच्या सांगाड्यात कंबरेच्या हाडांवरून स्त्री-पुरुष ओळखता येतो, मांडीच्या हाडावरून उंची काढता येते. मात्र त्या मुलांची नावे कोणालाही सांगता येणार नाहीत. कारण जुळवून पाहायला काहीच मागे उरलेले नाही.

ओळख पटते ती जुळवणीने. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए ही आपत्तीतील मृतांची ओळख पटवण्याची तीन प्रमुख साधने जगभर मानली जातात. दातांची जुनी चित्रे किंवा रक्ताचे नातेवाईक असल्याखेरीज त्यांतील दोन मुकी राहतात. शस्त्रक्रियेत बसवलेल्या कृत्रिम सांध्यावरील क्रमांकही पुष्कळदा उपयोगी पडतो.

जिवंत माणसालाही हाच नियम लागू आहे. स्मृतिभ्रंश झालेले वडील यात्रेत किंवा स्थानकावर चुकले, तर त्यांना स्वतःचे नाव सांगता येईलच असे नाही. आयुष्यभर मातीत राबलेल्या हातांचे ठसेही झिजलेले असतात; रेशनच्या यंत्रावर अंगठा न उमटण्याचा अनुभव अनेकांना आहे.

म्हणून घरातील ज्येष्ठांची एक फाइल आजच करावी. तीत अलीकडचे छायाचित्र, आधारची प्रत, रक्तगट, दातांची व हाडांची क्ष-किरण चित्रे, कृत्रिम सांध्याचे कार्ड, अंगावरील तीळ, व्रण व गोंदण यांची नोंद असावी. विसराळूपणा वाढला असेल, तर खिशात किंवा गळ्यात घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असावा. माणूस हरवल्यास रात्र उलटण्याची वाट न पाहता पोलिसांत कळवावे.

त्या आजोबांना मी गावच्या शाळेत पाठवले. ते दुसरीपर्यंत शिकले होते. जुन्या नोंदवहीत त्यांचे नाव आणि जन्मतारीख सापडली. निर्गम उतारा मिळाला. हाडांना जे सांगता आले नसते, ते एका गुरुजींच्या हस्ताक्षराने सांगितले.