पाण्याच्या धारेने पत्रा कापताना

कुर्ल्यातील आमच्या परिचयाच्या एका फॅब्रिकेटर बांधवाने चार सुताच्या लोखंडी प्लेटचे फ्लँज करण्याची ऑर्डर घेतली. तोंडी ठरलेला भाव, मुदत कमी. त्यांनी बाहेरचा आकार आणि भोके, दोन्ही प्लाझ्मावर कापून घेतली. पुढे भोकांत आटे पाडायला बसल्यावर टॅप मोडू लागले. हवेच्या प्लाझ्माने कापलेली कड काचेसारखी कडक झाली होती. मोडलेल्या टॅपांचा खर्च आणि नवी प्लेट यांतच त्यांचा नफा गेला. असे अनुभव आमच्या कानावर अधूनमधून येतात, म्हणून या वेळी वॉटरजेटविषयी लिहीत आहोत.

पाणी पोलाद कापते म्हटले की अनेकांना थट्टा वाटते. खरे पाहता कापते ती वाळू. पाणी तिला वेग देते. पंप पाण्यावर सुमारे ६० हजार पी.एस.आय. दाब देतो. मोटारीच्या चाकात ३०-३५ पी.एस.आय. हवा असते, यावरून कल्पना यावी. हे पाणी माणिक, नीलम किंवा हिऱ्यात पाडलेल्या, मि.मी.च्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या छिद्रातून ध्वनीपेक्षा जास्त वेगाने सुटते. त्यात गार्नेटची बारीक वाळू ओढली जाते आणि टंगस्टन कार्बाइडच्या नळीतून धार प्लेटवर पडते. काप जेमतेम १ मि.मी. रुंद पडतो. नुसत्या पाण्याने रबर, फोम, पुठ्ठा कापता येतो, जाड पोलाद नाही. ही अडचण दूर करणारे संशोधक म्हणजे इजिप्तचे अभियंते डॉ. मोहम्मद हशीश. अमेरिकेतील फ्लो कंपनीत १९७९ पासून त्यांनी धारेत वाळू मिसळण्यावर काम केले आणि १९८०च्या दशकात ही यंत्रे बाजारात आली. आपल्या आयटीआयच्या मुलांना हे नाव क्वचितच सांगितले जाते.

या पद्धतीत धातू तापत नाही, हा तिचा मोठा गुण. कड कडक होत नाही, आटे सरळ पडतात, पाणी चढवलेल्या टूल स्टीलचे पाणी उतरत नाही, प्लेट वाकत नाही. गॅस कटिंगने एस.एस. नीट कापले जात नाही, वॉटरजेटला एस.एस., पितळ, तांबे, ॲल्युमिनियम सगळे सारखे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा धूरही निघत नाही.

मात्र प्रत्येक काम तिकडे नेणे शहाणपणाचे नाही. २-३ मि.मी. एस.एस.च्या जाळ्या, मशिदीच्या खिडक्यांची नक्षी, अक्षरांची पाटी, ही कामे नायट्रोजनवर चालणारा लेसर कितीतरी लवकर व स्वस्तात करतो. साधे एम.एस. कापून लगेच वेल्डिंगला जाणार असेल तर प्लाझ्मा किंवा गॅस पुरेसे आहे. आटे पाडायचे असतील, एस.एस. किंवा पितळ जाड असेल, पाणी चढवलेले पोलाद असेल, तेव्हाच वॉटरजेटचा भाव परवडतो.

भाव का जास्त, तेही पाहू. चार सुताची एम.एस. प्लेट बरी कड राखून कापताना धार मिनिटाला साधारण दीडशे मि.मी. पुढे सरकते. म्हणजे १ मीटर कापायला सहा-सात मिनिटे. मिनिटाला ४०० ग्रॅम गार्नेट धरले तर एका मीटरला अडीच-तीन किलो वाळू गेली, आणि ती बहुधा एकदाच वापरली जाते. खर्चाचा मोठा वाटा हाच. म्हणून जॉबवर्क देताना भाव वजनावर न विचारता कापाच्या लांबीवर विचारावा. कड कशी हवी तेही आधी सांगावे. घाईत कापले तर खालच्या बाजूला रेघा उमटतात व काप किंचित तिरका जातो. जेथे आटे पाडायचे तेथे भोक लहान कापून घ्यावे आणि शेवटचे माप ड्रिलने करावे.

काही तरुण बांधव आम्हाला मशीन घेण्याबद्दल विचारतात. पंप, सील, नळ्या यांची झीज सतत चालू असते आणि रोज दोन पाळ्यांचे काम नसेल तर मशीन मालकालाच कापते. त्यातून व्याजाचे कर्ज अंगावर घेणे आमच्या मते टाळावे. आधी जॉबवर्कवर वर्षभर ऑर्डरी जमवाव्यात, मग भागीदारीचा विचार करावा.

एक गोष्ट राहिली. एम.एस.चे भाग टाकीतून निघाले की काही तासांतच गंज धरू लागतो. टेम्पोत भरण्यापूर्वी वाळू धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून घ्यावा, आणि हे काम कोणाचे, ते ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे.