‘शहराला रोज पाणी देऊ’ या वाक्यावर पीएचडी कशी करायची?

पेट झाली, मार्गदर्शक मिळाले, आता रूपरेषा लिहायची आहे. अशा वेळी अनेकांना एक विषय हमखास सुचतो: ‘स्थानिक निवडणुकीतील आश्वासने आणि शहराचा विकास’. माझाही पहिला विषय जवळजवळ हाच होता. आरआरसीपुढे तो पाच मिनिटंही टिकला नाही. समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, ‘विकास झाला हे तुम्हाला कशावरून कळणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत येताना एसटीत बसून मी शीर्षकातला प्रत्येक शब्द वहीत वेगळा लिहून काढला. आजचा लेख त्या वहीतून आलाय.

उदाहरण घेऊ धुळ्याचं. मी नरडाण्याची. आमच्याजवळच्या बाभळ्यात धुळे शहरासाठी तापीचं पाणी शुद्ध करणारं केंद्र आहे. सुलवाडे बॅरेजचं पाणी तिथून शहराकडे जातं. याशिवाय धुळ्याला नकाणे आणि डेडरगाव हे तलाव आहेत, पांझरेवरचं अक्कलपाडा धरण आहे. इतके स्रोत असूनही ‘नळाला पाणी किती दिवसांनी?’ हा प्रश्न धुळ्याच्या राजकारणातून हलत नाही. म्हणून समजा, एखादा उमेदवार म्हणतो: ‘निवडून द्या, शहराला रोज पाणी देऊ.’ संशोधक म्हणून या वाक्याचं काय करायचं?

१. आधी ते आश्वासन आहे का, ते तपासा

‘धुळे सुंदर करू’ आणि ‘रोज पाणी देऊ’ यांत फरक आहे. पहिलं वाक्य पाळलं की मोडलं हे कुणीच सांगू शकत नाही. दुसरं तपासता येतं. रॉबर्ट थॉमसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १२ देशांतल्या ५७ निवडणुकांमधली २० हजारांहून जास्त आश्वासनं अभ्यासली. त्यांनी मोजली ती फक्त अशी, ज्यांचं पुढे काय झालं ते ठरवता येईल. मग पूर्ण पाळलं, अंशतः पाळलं, की मोडलं, अशी वर्गवारी. तुम्हीही जाहीरनामा हातात घेतला की दोन रंगांचे पेन घ्या. एका रंगाने तपासता येणारी वाक्यं, दुसऱ्याने बाकीची. दुसराच रंग जास्त दिसला तर निराश होऊ नका, तोही एक निष्कर्ष आहे.

आणि हो, पत्रकं वेळेत गोळा करा. वॉर्डात वाटलेली पत्रकं निकालानंतर आठवड्याभरात रद्दीत जातात.

२. ते करण्याचा अधिकार कुणाला आहे?

इथे बहुतेक रूपरेषा घसरतात. आपण धरून चालतो की महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. तसं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. नगरसेवक महासभेत धोरण आणि अंदाजपत्रक ठरवतात, स्थायी समिती खर्च मंजूर करते. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्यासह १८ विषय दिले खरे, पण कोणत्या विषयाचा किती अधिकार पालिकेला द्यायचा, हे राज्य ठरवतं.

आता घटनाक्रम बघा. धुळे महापालिकेचं मतदान ९ डिसेंबर २०१८ ला झालं आणि ७४ पैकी ५० जागा जिंकून भाजपची सत्ता आली. लगेच १६ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधानांनी धुळ्यात अमृत योजनेतल्या शहर पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन केलं. (त्याच दिवशी धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाचंही झालं. आमच्याकडे ती तारीख त्यामुळेच लक्षात आहे.) दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना त्या वेळच्या अमृतमध्ये निम्मा पैसा केंद्राकडून मिळत होता, उरलेला राज्य आणि पालिकेने घालायचा होता. डिसेंबर २०२३ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला.

मग समजा योजनेचं पाणी एखाद्या गल्लीत पोचलं, तर श्रेय कुणाचं? नगरसेवकाचं, आमदाराचं, केंद्राचं, की ज्याला कुणी मतच दिलं नव्हतं त्या प्रशासकाचं? आणि नाही पोचलं तर जाब कुणाला विचारायचा? मला विचाराल तर खरा संशोधनप्रश्न इथे आहे. आश्वासन देणारा एक, पैसा देणारा दुसरा, काम करणारा तिसरा. अशा व्यवस्थेत मतदार हिशेब कसा मांडतो?

३. मोजणार काय?

‘पाणी मिळतं’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवलेले मापदंड बघा: माणशी दिवसाला १३५ लिटर, २४ तास पुरवठा, सगळ्या घरांना जोडणी, हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांपर्यंत. म्हणजे किती दिवसांनी येतं, किती येतं, किती वेळ येतं, किती दाबाने येतं आणि स्वच्छ येतं का, हे पाच वेगळे प्रश्न आहेत. उमेदवाराने पहिल्याबद्दलच बोललेलं असतं.

छेदसुद्धा सांभाळा. २०११ च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या ३,७५,५५९ होती. २०१८ मध्ये हद्दवाढ झाली आणि वलवाडी, महिंदळे, मोराणे, अवधान अशी गावं शहरात आली. त्याआधीचं ‘शहर’ आणि नंतरचं ‘शहर’ एकच धरून टक्केवारी काढलीत, तर आकडा चुकेल आणि तो चुकलाय हे कळणारही नाही.

४. कशाशी तुलना करणार?

पावसाळा चांगला झाला, नकाणे भरला, तर कुणीही सत्तेत असो, पाणी जरा लवकर येतं. त्यामुळे नुसतं ‘आधी आणि नंतर’ पुरत नाही. नवा जलकुंभ सुरू झालेले भाग आणि अजून न झालेले भाग, अशी तुलना करता येईल. पण पहिला जलकुंभ तिथेच का झाला, हे विचारायला विसरू नका. जागा मोकळी होती म्हणून, की नगरसेवक वजनदार होता म्हणून? याचं उत्तर महासभेचे ठराव, स्थायी समितीची इतिवृत्तं आणि अंदाजपत्रक यांत शोधा. मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. पूर्ण माहितीसाठी पुढे अपील करावं लागू शकतं, म्हणून वेळापत्रकात त्याचे महिने आधीच धरा.

५. आश्वासन पाळलं म्हणजे जगणं सुधारलं का?

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पहिल्या फेरीत माझ्या प्रश्नावलीत प्रश्न होता, ‘पाणीपुरवठ्यात सुधारणा झाली आहे का?’ एका काकूंनी ‘हो’ म्हटलं, मी खूण केली आणि उठले. दारापर्यंत आल्यावर त्या अहिराणीत पुढचं बोलल्या. पाणी आता लवकर येतं, पण रात्री येतं. मोटर लावायला, हौद भरायला त्याच जागतात आणि सकाळी कामावर जातात. माझ्या कागदावर ते घर ‘सुधारणा झाली’ या रकान्यात होतं.

त्यानंतर मी प्रश्नावली बदलली. पाणी किती दिवसांनी येतं याच्या जोडीला विचारलं: ते कोण भरतं, किती वाजता, त्यासाठी काय सोडावं लागतं? आणि हे प्रश्न अहिराणीत विचारले. पुस्तकी मराठीत विचारलं की लोक पुस्तकी उत्तर देतात.

एक सावधगिरी. निवडणुकीच्या दिवसांत वही घेऊन दारात उभे राहिलात की पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या पक्षाकडून?’ ओळखपत्र दाखवा, माहिती कशासाठी हवी ते सांगा, मत कुणाला दिलं हे विचारू नका. माणूस नको म्हणाला तर पुढच्या घरी जा.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर भारत निवडणूक आयोगाने जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: आश्वासनामागचं कारण सांगा, पैसा कुठून येणार तेही ढोबळ सांगा. पालिकांच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून तिथले नियम वेगळे तपासा. पण तो प्रश्न आपला मानायला कुणाची हरकत नाही. पैसा कुठून, अधिकार कुणाचा, मोजायचं कसं?

आता तुमचं काम. आपल्या गावचा किंवा वॉर्डाचा एक जाहीरनामा घ्या, त्यातलं एकच वाक्य निवडा आणि वरचे पाच प्रश्न त्याला लावा. एक पान भरलं तर तुमच्याकडे विषय आहे. नाही भरलं तर वाक्य बदला. आरआरसीत विचारलं जाण्याआधी ते घरीच कळलेलं बरं.