काकांची मध्यस्थी आणि जोडप्यांचं समुपदेशन

वाशी-नेरुळच्या सोसायटीत नवरा-बायकोचं वाजलं की समजूत घालायला एखादे काका येतातच. समुपदेशन शिकू पाहणाऱ्यांनाही काम तेच वाटतं: चूक कुणाची ते ठरवायचं आणि ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणून घरी पाठवायचं.

प्रत्यक्षात इथे न्यायनिवाडा नसतो. दोघांत पुन्हा पुन्हा काय घडतं ते पाहायचं असतं. तो रात्री नऊला घरी येतो, ती विचारते ‘उशीर का?’, तो मोबाइल घेऊन बाल्कनीत जातो. तिचा आवाज चढतो, त्याचं तोंड आणखी मिटतं. कोणी सुरुवात केली, याचा शोध घ्यायला गेलात की फसलात. सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात मांडलेली भावनाकेंद्री पद्धत हे चक्र आणि त्यामागची भीती ओळखायला शिकवते.

सगळे वाद मिटायलाच हवेत, हाही भ्रमच. जॉन गॉटमन यांच्या संशोधनात जोडप्यांचे सुमारे ६९ टक्के वाद कायमचे निघाले. सासूबाई गावी राहणार की कोपरखैरण्यात, हा वाद वर्षानुवर्षं चालू शकतो. तो घालताना एकमेकांना तुच्छ लेखलं जातं का, हे महत्त्वाचं.

आणि संसार टिकला तरच समुपदेशन यशस्वी? १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे, समेटाचे प्रयत्न करण्याचं बंधनही आहे. तरीही मुलांची फरफट न होता दोघं वेगळे झाले, तर त्याला अपयश म्हणायला मी तयार नाही.

सर्वात घातक गैरसमज मारहाणीबद्दलचा: ‘टाळी एका हाताने वाजत नाही, दोघांना एकत्र बसवा.’ तिथे मार खाणारी बायको जे बोलेल, त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उठला’ हे वाक्य काकांच्या बैठकीत खपतं. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या २००६ च्या नियमांनुसार, समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचं समर्थन करताच येत नाही, आणि ही गोष्ट त्याला कामकाज सुरू होण्याआधीच सांगावी लागते. म्हणून शिकाऊ समुपदेशकाने आधी दोघांना वेगवेगळं भेटावं. ‘घरी भीती वाटते का?’ हा प्रश्न जोडीदार खोलीबाहेर असतानाच विचारायचा.